सात टाके

नाही, होणार नाही असं म्हणालोच नाही मी. करणार नाही असं म्हणालो. दोन्हींत फरक आहे. बसा ना, उभे का? त्या स्टुलावर बसा, काठी साच्यांना टेकवून ठेवा — पडली तर पडू दे, लाकडाचे साचे आहेत, रडणार नाहीत. आणि पाय असा पुढे सोडा, या खोक्यावर. प्लास्टर काल काढलं म्हणता आणि आज चालत आलात? मग सुजणारच. तीन आठवडे घरात बसलेला माणूस पहिल्या दिवशी बाहेर पडतो तो तडक माझ्याच दुकानात? बाजारात बूट शिवणारे दुसरे नाहीत? चौकात घड्याळाच्या दुकानाखाली तो म्हातारा बसतो, त्याच्याकडे मशीन आहे, दहा मिनिटांत खडखड करून देईल. — हो, कळलं. दादाच्या हातचा टाका आहे, मशीनखाली घालायचा नाही. कळलं मला. म्हणजे तुम्हाला दादाची आठवण हवी, ती पायात घालून फिरायची, आणि ती शिवून द्यायची मी. वा! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

रागावलो नाही हो. माझा आवाजच असा आहे. दादाही म्हणायचा, तू नमस्कार केलास तरी माणसाला वाटतं भांडायला आलास. पण एक विचारू? तुम्ही त्याला दादा का म्हणायचात? कंडक्टर उस्ताद म्हणतो, बेकरीवाला उस्ताद म्हणतो, सगळा बाजार उस्ताद म्हणतो. दादा म्हणणारा मी एकटा होतो. निदान मला तसं वाटायचं. तुम्ही चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवता, तुम्हाला घरी दोन बहिणी आहेत, मोठा भाऊ नाही — ठीक आहे, नसतो एखाद्याला. म्हणून दुसऱ्याचा उचलायचा? कोणाच्या दारातली सायकल उचलली तर लोक चोर म्हणतात. भाऊ उचलला तर म्हणतात, काय मैत्री आहे!

महिन्याचा शेवटचा रविवार. दादा, कंडक्टर, बेकरीवाला आणि तुम्ही, चौघं त्या डोंगरावर. सकाळी पहिल्या बसनं जायचं, चालत वर देवळापर्यंत, संध्याकाळी परत. किती वर्षं? कंडक्टर नऊ म्हणतो, बेकरीवाला अकरा म्हणतो, त्याला आपल्या पावांची मोजणी जमत नाही, वर्षांची कुठून जमणार. मी सातवीतून शाळा सोडून इथं बसायला लागलो तेव्हापासून, म्हणजे आठ, एवढं मला ठाऊक आहे. म्हणजे मी बसायला लागलो म्हणून त्याला रविवार मोकळा मिळाला. हे कोणाच्या ध्यानात आलं का कधी? तुम्ही डोंगरावर वारा खात होतात ना, तेव्हा या खोक्यावर मी होतो. दोनदा विचारलं मी त्याला, मी येऊ का म्हणून. एकदा म्हणाला, दुकान उघडं राहिलं पाहिजे. दुसऱ्यांदा म्हणाला, पुढच्या वेळी. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मलाही नाक आहे.

आणि तो परत यायचा ना संध्याकाळी — तुम्ही बघितलं नाही ते, तुम्ही आपापल्या घरी गेलेले असायचात — तो यायचा तेव्हा चेहरा असा धुतल्यासारखा. पायऱ्या चढताना शीळ घालायचा. दारात आला की शीळ बंद. आई विचारायची, कसं झालं? तो म्हणायचा, झालं. एवढंच. झालं! दिवसभराचा माणूस तुम्ही खाऊन टाकायचात आणि आमच्या वाट्याला एक ‘झालं’.

आई तुमचं कौतुक करते म्हणून सांगतो, मला त्याचंही काही नाही. आई भोळी आहे. पण स्वेटर द्यायला नको होता तिनं. तो करड्या रंगाचा, कोपरांना कातड्याचे तुकडे लावलेला — ते तुकडे मी लावलेत. मी. दादानं नाही. तुम्ही भेटायला आलात आठव्या दिवशी, आणि आईनं कपाटातून काढून दिला, तुला बसेल म्हणाली. मला म्हणते, तुला ढगळ होतो रे. ढगळ होतो तर होऊ दे ना! मी काय त्यात नाचायला जाणार होतो? आणि तुम्हीही घेतलात. हात पुढे केलात आणि घेतलात. डोंगरावर निघालो त्या सकाळी बसस्टॉपवर तुम्ही पाठमोरे उभे होतात तो स्वेटर घालून, सहा वाजले होते, नीट उजाडलं नव्हतं — मी रस्त्याच्या पलीकडे होतो. काय झालं माझं, तुम्हाला काय सांगू. मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं मी. आणि तुम्ही वळलात.

नको, पाणी नको मला. तुम्ही प्या हवं तर.

कंडक्टर आला होता बोलवायला. असा इथंच उभा राहिला, टोपी काढून, म्हणाला, महिना झाला, या रविवारी आम्ही जातोय, उस्तादच्या नावानं, तूही चल. मी म्हटलं, दुकान उघडं राहिलं पाहिजे. तो म्हणाला, एक दिवस राहू दे बंद. बघा! एवढं सोपं होतं. एक दिवस बंद. मेल्यावर सुचलं सगळ्यांना. मी त्याची पिशवी घेतली, ती खिळ्याला अडकवलेली असायची ती, हत्यारांची, आणि आलो. बसमध्ये तुम्ही तिघं आपापल्या जागांवर बसलात आणि खिडकीची एक जागा मोकळी ठेवलीत. कोणाची ते मला कळलं. मी जाऊन बसलो तिथं. बेकरीवाल्यानं तोंड उघडलं आणि कंडक्टरनं त्याला कोपर मारलं. बघितलं मी. माझ्या भावाच्या जागेवर मी बसायचं नाही? मग कोण बसणार, तिकीट काढलेला पहिला माणूस?

तुम्ही पुढे होतात चढताना, तुम्हाला काय दिसणार. मी मागे होतो, मागून काय दिसतं ते मी सांगतो. तीन माणसं दिसतात, आणि मध्ये एकाची जागा. अशी वाट दोन माणसांपुरती रुंद, आणि ते दोघं पुढे, एक मागे, आणि त्याच्या शेजारी कोणी नाही तरी तो कडेनंच चालतोय. म्हणजे तुम्हीच. कडेनं चालत होतात. मी त्या जागेत आलो नाही. आलो असतो तर धक्का लागला असता कोणाला तरी. आणि दर वळणावर तुमच्या गोष्टी. इथं उस्ताद घसरला आणि झुडपाला म्हणाला, धन्यवाद काका. इथं उस्तादनं कंडक्टरची नक्कल केली, शिट्टी मारून माकडांना सांगितलं पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे. इथं उस्ताद गायचा. गायचा? दादा? मी विचारलं तर बेकरीवाला हसला, म्हणाला, अरे, आवाज फुटक्या घंटेसारखा, पण गायचा, थांबायचाच नाही. तुम्ही हसलात. तुम्ही मान हलवून असे हसलात, की हो, आम्हाला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, आणि तो माझ्याशी काय बोलला? आमच्या धंद्यात खिळे ओठांत धरतात. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून खिळे ओठांत, एकेक काढायचा आणि ठोकायचा. दिवसभर त्याच्या ओठांत खिळे. जे बोलायचा ते खिळ्यांच्या फटीतून. दे. घे. ते नको, दुसरं. गिऱ्हाईक आलं. मी त्याचा अर्धा आवाज ऐकलाय जन्मभर. मोकळ्या तोंडानं तो तुमच्याशी बोलायचा, डोंगरावर, माकडांशी बोलायचा, झुडपांशी बोलायचा!

हसू नका. — नाही, हसा. मलाही त्या दिवशी हसू येत होतं आणि मी दाबत होतो. तुमच्या गोष्टीवर हसलो असतो तर ती गोष्ट तुमची झाली असती.

आणि मग ती कोरड्या ओढ्यावरची जागा. दगडावरून दगडावर जायचं होतं. कंडक्टर पुढून ओरडला, धाकट्या, जपून, तो दगड हलतो! मी म्हटलं, हो. आणि तुम्हीही म्हटलंत, हो. एकदम. दोघांनी. कंडक्टरच सावरून म्हणाला, अरे हा आमचा धाकटा, उस्तादनंच नाव ठेवलंय, आमच्यात वयानं लहान ना. मी म्हटलं, बरं आहे, चांगलं नाव आहे. म्हटलं की नाही? शांतपणे म्हटलं. पण घरी मला तो काय म्हणायचा माहीत आहे? अरे. अरे ए. फार लाडात आला तर गाढवा. आणि चष्म्याच्या दुकानातला परका पोरगा धाकटा! बाकी सगळं सोसलं होतं मी — स्वेटर, गाणी, नकला. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, त्या तिथं झोंबल्या. तो दगड हलला नाही. मी पाय दाबून बघितला, हलत नव्हता. मला वाटलं हलावा, तुम्ही त्याच्यावर असताना.

हो, वाटलं. आता वाटलं ते वाटलं. तुम्ही विचारताय म्हणून सांगतोय. — विचारलं नाहीत? मग डोळे कशाला असे करता?

दवाखान्याचं बोलू नका. ते मी काढलं नाही, तुम्ही काढलंत. मी खाली गेलो होतो औषधं आणायला. रांगेत माझ्यापुढे एकच बाई होती. एकच. ती चिठ्ठी उलटी धरून वाचत होती. मी वर आलो तेव्हा तुम्ही खाटेवर बसलेले, आणि तुमचा हात त्याच्या हातात. तुम्ही काय, सहज भेटायला आला होतात, दुकानातून येता येता. दोन रात्री मी बसलो होतो त्या लोखंडी खुर्चीत. मंगळवारी पोटात दुखतंय म्हणाला तेव्हा इथं, तुमच्या मागे त्या पोत्यावर आडवा झाला होता, आणि मीच म्हटलं होतं, नाटकं पुरे, शाळेचे बूट आज द्यायचेत. आणि उठला तो. तीन जोड शिवले पोट धरून. त्याच्या आतडीत काय फुटलं होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. शिव्या घालायला मी, रांगेत उभा राहायला मी, आणि शेवटचा हात तुमचा. तुम्ही म्हणता, काही बोलला नाही, झोपेतच गेला. असेल. मी कुठं होतो तिथं, खरं-खोटं करायला.

जाऊ दे. बुटाचं बोलू.

तर देवळाच्या खाली पायऱ्या लागतात, तिथं पादत्राणं काढायची. तिथं तो सपाट दगड. कंडक्टर म्हणाला, ही उस्तादची जागा. मला वाटलं दम खायला बसायचा असेल. तर म्हणे, वर माकडं आहेत, बूट पळवतात, म्हणून एकानं खाली थांबायचं, आणि दर वेळी तोच थांबायचा. दर वेळी! इतकी वर्षं डोंगर चढून तो देवळात एकदाही गेला नाही. मी विचारलं, तुम्ही कोणी म्हणाला नाहीत, आज तू जा, आम्ही बसतो? बेकरीवाला म्हणाला, अरे तो ऐकायचाच नाही, म्हणायचा मला माणसांपेक्षा त्यांचे बूट बरे. आणि खो-खो हसला. मग तुम्ही — हे तुमचं बरोबर, हे मी नाकारत नाही — तुम्ही म्हणालात, आज मी बसतो, तू वर जाऊन ये. चांगलंच म्हणालात. मनापासून म्हणालात. तेच तर. तुम्ही चांगले नसतात ना, तर मला इतका त्रास झाला नसता. तुम्ही त्या दगडावर बसायला वाकलात, तो स्वेटर घालून, आणि मी तुमच्या दंडाला धरून उठवलं. म्हटलं, माझ्या भावाची जागा आहे. मला बसू देत तुम्ही बाजूला झालात. आणि गेलात वर, अनवाणी, तिघंही.

मी आणि तीन जोड. बेकरीवाल्याचे ते पसरट, पिठाच्या वासाचे. कंडक्टरचे टाचा चेपलेले. आणि हे. मी सहज उचलला हा. आमची सवय, बूट दिसला की उलटा करायचा. आणि उलटा केला आणि — हे बघा, हा उजवा बघा, हा धड आहे अजून. सोलच्या कडेनं ही खाच दिसते? बारीक. कातड्यात आधी अशी खाच पाडायची आणि टाका तिच्यात बुडवायचा, म्हणजे चालताना दोरा दगडाला लागत नाही. हे काम एका बैठकीत होत नाही. टाके बघा किती जवळ आहेत. आमच्या दुकानात आम्ही बोटभर जागेत तीन घालतो, इथं सहा आहेत. मेण लावलेला दोरा, आणि एक टाका उंच नाही, एक खोल नाही. आणि उलटं करून आतून बघा, आतही तसेच. कुठली बाजू वरची, कुठली खालची, सांगताच येत नाही. मी दोरा वरून घालतो, आकड्यानं खालून ओढतो, माझी खालची बाजू नेहमी ओबडधोबड. दादाचीही दुकानात तशीच. मला सांगायचा, सोल कोण उलटा करून बघतं रे, उरक भरभर. आणि हे? हे कोणी उलटं करून बघणार होतं? तुम्ही बघितलंत कधी? — बघायचात. बरं.

कंडक्टरच्या बुटालाही थोडे आहेत, बेकरीवाल्याच्याही. पण पूर्ण फिरवलेला टाका फक्त तुमच्या बुटाला. मी हिशोब केला तिथं बसून. तुम्ही तासभर वर असायचात, म्हणजे एका रविवारी चार बोटं शिवण. दोन बूट. वर्ष गेलं असेल. माझ्या पायातल्यांना त्यानं चार खिळे ठोकून दिले होते, उभ्या उभ्या, आणि म्हणाला होता, चाललं एवढं.

मग तुम्ही खाली आलात, आपण पाव खाल्ले, आणि निघालो. दुसऱ्या वळणावर तुमच्या डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला, बेडकाच्या तोंडासारखा, अडकला मुळीत, आणि तुम्ही गेलात. खाली सात-आठ हात. त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कंडक्टरनं पाठुंगळी घेतलं आणि मी बूट हातात घेऊन मागून आलो.

दुखतंय का? खोका जरा अलीकडे ओढतो. थांबा. असं. आता?

मला एवढंच म्हणायचं आहे की बेकरीवाल्यानं गप्प बसायला हवं. तिथं तो काय म्हणाला, ऐकलंत? उस्ताद गेला आणि त्याचा टाकाही गेला. उसासा टाकून म्हणाला, वाईट मनानं नाही. पण तो बेकरीत उभा राहून तेच म्हणतोय तीन आठवडे, पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला. उस्तादचा टाका सुटला, पोरगं दरीत जाता जाता वाचलं. काल एक आजोबा आले, दादाकडे वीस वर्षं येणारे. म्हणाले, बाळ, माझ्या बुटांना तू एक जादा टाका घालून ठेव, शेवटी शेवटी त्याचा हात थरथरत असेल. थरथरत असेल! त्याचा! मूग गिळून बसलो. घातला जादा टाका. दादाच्या टाक्याशेजारी माझा टाका घातला, तो बरोबर नव्हता म्हणून.

काय म्हणालात?

परत म्हणा. — जुना झाला असेल टाका, त्यात दादाचा काय दोष. असं म्हणालात? तुम्ही दादाला माफ करताय? तू? तू कोण रे त्याला माफ करणारा? त्याचा टाका जुना होत नाही! दे इकडे तो डावा. दे म्हणतो ना! चष्मेवाला आहेस ना तू, लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतोस, मग हे वाच. उजेडाकडे धर. झिजलेला दोरा कसा तुटतो माहीत आहे? हा माझ्या चपलेचा बघ, हा झिजून तुटलाय. टोक बघ. पिंजलेलं, कुंचल्यासारखं, एकेक तंतू वेगळा, मळलेला. आता दादाचा बघ. बघ टोक. सरळ. स्वच्छ. भाजीच्या देठासारखं. आणि एक नाही, सात, ओळीनं सात, आणि आठवा तसाच पक्का, ओढून बघ, तुझी बोटं कापतील पण तो हलणार नाही. ज्याचा हात थरथरत होता त्याचा आठवा टाका असा असतो? हा सुटलेला नाही. हा तुटलेला नाही. याला रापी लागलीय. कातडं कापायची रापी. कापलाय हा!

...

हो.

बस. उठू नकोस, पाय लचकेल. काठी देतो, पण आधी ऐक.

मला एकच कापायचा होता. देवाशप्पथ एकच. आत दोरा कसा घेतलाय ते बघायचं होतं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हटलं एक टाका उसवतो, बघतो, परत घालतो, काही झालं तरी मला कळायला हवं होतं तो हे कसं करायचा. पण एक कापला तरी बाकीचे ढिले पडेनात. आमचा टाका एक कापला की पुढचे चार ओढून येतात, हा येईना. जिथल्या तिथं. दुसरा कापला. तोही तसाच, मुका. त्याचं टोक ओढलं, काही कळेना. आणि मग मी — मग बघायचं राहिलंच. मग मी नुसता कापत गेलो. तिसऱ्याला मला वाटलं हा तो रविवार, आई आजारी होती तरी तो डोंगरावर गेला. चौथ्याला वाटलं, हा मी येऊ का विचारलं तो. मी त्याच्यावर ओरडत होतो की तुझ्यावर, मला माहीत नाही. तोंडातून आवाज नव्हता. सातव्याला वर घंटा वाजली आणि मी बघितलं, माझ्या मांडीवर बूट, आणि दादाचं वर्षभराचं काम, आणि माझ्या हातात त्याचीच रापी.

घालणार होतो परत. आकडा काढला होता. पण मला येतच नाही ना तो टाका! आणि तू आलास सगळ्यांच्या आधी, धावत, पायऱ्या दोन-दोन उतरत. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालास, बरं वाटलं ना दादाच्या जागेवर बसून? आणि हसलास. आणि माझं तोंड मिटलं. तू नाडी बांधत होतास, मी बघत होतो. मला वाटलं, निघेल सोल, अनवाणी उतरेल, फजिती होईल. दरी मला दिसलीच नाही. तुला खरं वाटो न वाटो. तू पडलास तेव्हा तो स्वेटर दिसला मला, पाठमोरा, खाली जाताना. पुढचं मी कोणाला सांगणार नाही.

आता तू जा आणि सांग. बेकरीवाल्याला पहिला सांग, त्याचं तोंड मोठं आहे, संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. सांग की उस्तादचा टाका सुटला नव्हता. त्याच्या भावानं कापला. नाव घेऊन सांग. माझ्याकडे कोणी बूट आणणार नाही, नको आणू दे. त्या आजोबांना मी स्वतः सांगतो. पण त्याचा हात थरथरत होता असं कोणी म्हणता कामा नये. आईलाही — आईला तू सांग. तुझं ती ऐकून घेईल.

शिव्या दे. काठी घाल डोक्यात, आहे तुझ्याजवळ. निदान रड तरी! काय बघतोस त्या बुटाकडे? सांगितलं ना, मी नाही शिवणार. तुझ्यावरच्या रागानं नाही. येत नाही मला, झालं? बाजारात कोणालाच येत नाही. तो टाका घालणारा एकच माणूस होता आणि तो —

काय?

दोन सुया?

कसल्या दोन सुया? त्याच्या डबीत होत्या दोन, पण मला वाटलं, एक हरवली तर म्हणून दुसरी... थांब. एकाच दोऱ्याला? दोन टोकांना दोन. आणि भोक एकच. इकडून एक सुई, त्याच भोकातून तिकडून दुसरी, आणि दोन्ही बाजूंना सारखं ओढायचं. म्हणून दोन्हीकडून सारखा दिसतो. म्हणून एक कापला तरी — दुसरा धरून ठेवतो. अरे! अरे, एवढंच? एवढंच होतं? डावी आधी की उजवी? आधी डावी. आणि दोरा असा खाली दाबून. हां. हां, म्हणजे पीळ एकाच बाजूला पडतो. मी शेजारी बसून आठ वर्षं... विचारलं असतं तर...

तुला कसं माहीत?

नाही, तू बघून ओळखलंस असं सांगू नकोस. डावी आधी, हे बघून कळत नाही. हे हातात सुई दिल्याशिवाय कळत नाही. तू वरून लवकर यायचास. त्या दगडावर. त्याच्या शेजारी. त्यानं तुझ्या हातात — चष्मेवाल्याच्या हातात —

ऊठ.

काठी घे. ही घे. सांभाळून, पायरीला खाच आहे. बूट नको उचलू. राहू दे तिथंच. बूट राहू दे म्हटलं ना, दोन्ही राहू देत, उजवा बघायला लागेल. तू जा.